पैसे गेले, पोच नाही

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला फवारणी पंपाच्या हेडमधून दुधासारखं पांढरं ऑईल गळायला लागलं. गड्याने इंजिन बंद केलं, दोन नट सैल केले, आत बोट घालून बघितलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "वैनी, ह्यो गेलो."

जानेवारीतली गोष्ट. आमची आंब्याची बाग देवगड तालुक्यात, विजयदुर्ग खाडीच्या अलीकडच्या अंगाला. लहानमोठी एकशे दहा कलमं. साठ फवारून झाली होती, पन्नास राहिली होती, आणि राहिली तीही नेमकी खालच्या अंगाची, जिथे मोहोर आधी फुटला होता. ज्यांची बाग नाही त्यांच्यासाठी सांगते: तुडतुडा नावाचा बारीक किडा मोहोराचा रस शोषतो, त्याचा चिकटा पानांवर पडतो, चिकट्यावर काळी बुरशी धरते आणि मोहोर हातचा जातो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक आमच्याकडे कालनिर्णयच्या शेजारीच टांगलेलं असतं. फवारणी चार दिवस पुढे गेली तर निभावतं, दहा दिवस गेली तर मे महिन्यात पेट्या मोजताना कळतं.

देवगडच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं, हेड कोल्हापुरातून यायला हवा, आठ-दहा दिवस धरा. पुण्याच्या पुतण्याने अर्ध्या तासात अख्खा नवा एचटीपी, म्हणजे जास्त दाबाचा फवारणी पंपच ऑनलाइन शोधून पाठवला. ७,४५० रुपये, पाच दिवसांत पोच. मी म्हटलं, झालं काम, बटण दाबायचं तेवढं राहिलं.

ते बटण दाबायला मला शनिवार उजाडला.

पहिली अडचण पैशांची नव्हतीच, पत्त्याची होती. 'घर क्रमांक' आणि 'रस्त्याचे नाव' हे दोन रकाने भरल्याशिवाय साइट पुढे सोडेना. आमच्या वाडीत रस्ता आहे, पण त्याला नाव द्यायची गरज कुणाला पडली नाही. मी 'पारासमोर' असं लिहून टाकलं. पुढच्या रकान्यात सवयीने 'मु. पो.' लिहिलं तर लाल अक्षरांत 'अवैध चिन्ह'. पाच मिनिटं मला कळेचना की बिचाऱ्या टिंबावर राग आहे. टिंबं काढली तेव्हा चाललं. मग पिनकोड टाकला आणि जिल्ह्याच्या जागी आपोआप आलं 'कोल्हापूर'.

इथे मला वडिलांची आठवण झाली. ते शाखा डाकपाल होते, पोस्ट आमच्या पडवीतच होतं. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस आणि वर संस्कृत कवी, याचा वडिलांना फार अभिमान. पहिले तीन आकडे टपालाच्या वर्गवारीसाठी असतात, जिल्ह्याच्या हद्दीशी त्यांची फारकत असू शकते, हे त्यांनी आम्हाला पत्रांचे गठ्ठे बांधता बांधता शिकवलेलं. ४१६ मध्ये कोल्हापूरही येतं आणि आमचा सिंधुदुर्गही. शिवाय सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला, म्हणजे पिनकोडनंतर नऊ वर्षांनी. त्यामुळे साइटवाल्याने तीन आकड्यांवरून जिल्हा ओळखायची हुशारी केली असेल तर घाटाखालचे आम्ही घाटावर जाऊन बसणारच. जिल्हा हाताने बदलला. मग कळलं की आमच्या गावच्या पिनकोडवर ते माल पाठवतच नाहीत. शेवटी देवगड बाजारात मावसभावाचं दुकान आहे, त्याचा पत्ता आणि ४१६६१३ टाकलं, तेव्हा गाडी पुढे सरकली. माल हातात आल्यावर पैसे द्यायची सोय एवढ्या रकमेला नव्हती.

आता पैसे. यूपीआय निवडलं, पिन टाकला, चाक फिरलं आणि आलं: 'क्षमस्व, पेमेंट पूर्ण होऊ शकले नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.'

मी पुन्हा प्रयत्न केला. एकदा नाही, तीनदा.

फोनचं खरं तर आधी सांगायला हवं होतं. बुधवारी औषधाचं मिश्रण ढवळताना माझा जुना फोन थेट पिपात पडला होता. नवा आणला, सिम घातलं आणि यूपीआय सुरू केलं ते गुरुवारी संध्याकाळी सातला, म्हणजे खरेदीला बसण्याच्या तासभर आधी. पुतण्याला फोन लावला. त्याने आधी ब्राउजर बदलायला लावला, मग ब्राउजरने साठवलेला जुना कचरा साफ करायला लावला, मग साइटचं ॲप उतरवायला लावलं. यातलं काही म्हणजे काही उपयोगी पडलं नाही. मला वाटतं संगणकवाली मुलं हे आपण पंपाला दोन लाथा घालतो तसं करतात. मग त्याने विचारलं, "काकी, फोन कधी घेतलंस?"

"काल."

"मगे काय! नवीन फोनवर पयले चोवीस तास पाच हजाराच्या वर जावचे नाय. उद्या सांजपर्यंत गप ऱ्हव."

नवीन फोनवर यूपीआय जोडलं की पहिल्या चोवीस तासांत पाच हजारांपर्यंतच पैसे पाठवता येतात. कुणी तुमचं सिम पळवून दुसऱ्या फोनवर यूपीआय चालू केलं तर एका झटक्यात खातं रिकामं होऊ नये, यासाठी ही सोय. सोय चांगलीच आहे. माझी तक्रार एवढीच की साइटने तसं सांगितलं नाही. मी यूपीआय ॲपमध्ये जाऊन त्या फसलेल्या व्यवहारावर बोट ठेवलं तर तिथे स्पष्ट लिहिलं होतं, रकमेची मर्यादा ओलांडली. दुकान काही सांगत नव्हतं आणि बँकेकडचं ॲप सगळं सांगायला तयार होतं. मी विचारत होते दुकानाला.

उद्या सांजपर्यंत गप राहिले असते तर हा लेख इथेच संपला असता. पण गडी सकाळी दारात येऊन बसणार होता.

म्हणून डेबिट कार्ड काढलं. सोळा आकडे, मुदत, मागचे तीन आकडे. दाबलं. पुन्हा तेच 'क्षमस्व', शब्दाचाही फरक नाही. पण या वेळी एक वेगळी गोष्ट माझ्या लक्षात आली आणि तिचा मला अजून अभिमान आहे: ओटीपी मागणारं पानच आलं नव्हतं. म्हणजे गाडी ओटीपीच्या फाट्यापर्यंत पोचलीच नाही, आधीच कुणीतरी अडवली.

अडवणारी माझीच बँक होती. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्ड मिळतं ते फक्त एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतं चालू असतं. ऑनलाइन वापर, परदेशातला वापर, नुसतं टेकवून पैसे देणं, हे ज्याचं त्याने चालू करून घ्यायचं. माझं कार्ड तीन वर्षं जुनं आणि आजवर देवगडच्या एटीएमपलीकडे गेलेलं नाही. ऑनलाइनचं बटण जन्मापासून बंद.

ते चालू करायला बँकेचं ॲप हवं आणि ॲप नव्या फोनवर नव्याने जोडायला हवं. शुक्रवारी सकाळी ते करायला बसले. ॲप स्वतःच तुमच्या सिमवरून बँकेला एक एसएमएस पाठवतं आणि नंबर ओळखतं. माझ्या फोनमध्ये दोन सिमं, बँकेचा नंबर दुसऱ्या खाचेत, एसएमएस जात होता पहिल्यावरून. हे कळायला पाऊण तास. मग कार्डाच्या पानावर ऑनलाइनचं बटण सरकवलं. तरी होईना. बटणाच्या खाली मर्यादेची वेगळी पट्टी होती आणि ती शून्यावर होती. ती दहा हजारांवर नेली.

"वैनी, तुडतुडो काय तुमच्या बँकेची वाट बघूचो नाय," गडी पायरीवर तंबाखू मळत म्हणाला.

पुन्हा दाबलं. या वेळी ओटीपीचं पान आलं! मी जवळजवळ टाळीच वाजवली. घड्याळ उलटं चालायला लागलं. ओटीपी काही आला नाही.

आमच्या घरात नेट उत्तम आहे, तार टाकलेलं वायफाय. पण घर सड्याच्या, म्हणजे वरच्या उघड्या कातळमाळाच्या पोटात, खळग्यात. मोबाईलची रेंज घरात पावसाळ्यात शून्य आणि एरवी अर्धी काडी. साइट वायफायवर धावत होती आणि ओटीपीचा एसएमएस टॉवरकडून यायचा होता. इतकी वर्षं मी समजत होते की नेट आहे म्हणजे फोन चालतोय. माझ्या फोनवर तरी ही दोन वेगळी माणसं आहेत, एक घरात राहतो आणि दुसरा सड्यावर.

तेव्हा सड्यावर गेले. पाणंदीने चढून बारा मिनिटं. जांभ्या दगडाचा उघडा कातळ, जानेवारीत पिवळं पडलेलं गवत, एक काजू, आणि त्या काजूखाली गावातल्या निम्म्या लोकांच्या बँका चालतात. पोचताच फोन तीनदा वाजला: सकाळपासूनचे तीन ओटीपी एकदम. तिन्ही मेलेले. आता मोबाईलच्याच नेटवर साइट उघडली, कार्ड घातलं, ताजा ओटीपी आला, टाकला. 'कृपया थांबा, मागे जाऊ नका.' चाक फिरत राहिलं. वारा आला, रेंजच्या तीन काड्यांची एक झाली, पान पांढरं पडलं.

आणि एसएमएस आला: खात्यातून ७,४५० रुपये वजा.

साइट पुन्हा उघडली. 'माझ्या ऑर्डर्स' रिकामं. पिशवीत पंप तसाच, आणि त्याखाली आमंत्रण, पुन्हा प्रयत्न करा. तोवर तीन वेळा हा सल्ला बिनकामाचा होता. चौथ्या वेळी ऐकला असता तर ७,४५० दुपटीने गेले असते. बोट बटणापर्यंत गेलं होतं हे कबूल करते. पुतण्याने फोनवरून ओरडून थांबवलं.

नेमकं काय झालं होतं ते मला पोस्टाच्या भाषेत लगेच समजलं. वडिलांकडे रजिस्टर पत्र जायचं आणि त्याची पोच मागाहून वेगळी यायची, पाठवणाऱ्याच्या नावाने. पत्र पोचलं पण पोच हरवली, असं दोन-चारदा व्हायचंच. इथे बँकेने पैसे काढून पुढे केले होते, पण 'मिळाले' असा निरोप दुकानापर्यंत गेला नव्हता. दुकानाच्या लेखी मी पैसे दिलेच नव्हते. ते खोटं बोलत नव्हतं आणि बँकही नाही. पैसे दोघांच्या मधे कुठेतरी टपालात होते.

यानंतरची गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगते. संध्याकाळी घरी येऊन मी साइटच्या नावापुढे 'कस्टमर केअर नंबर' असं टाकून शोधलं. सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. माणूस अतिशय अदबीने हिंदी बोलला. रक्कम त्याने माझ्याकडूनच काढून घेतली आणि मग तीच मला परत ऐकवली, त्यामुळे वाटलं त्याच्याकडे नोंद आहे. म्हणाला, मॅडम, एक छोटं ॲप घ्या म्हणजे मी तुमची स्क्रीन बघून रिफंड टाकतो, मग ७,४५० आकडा टाकून यूपीआय पिन दाबा, पैसे येतील.

पिन दाबा म्हटल्यावर मी थबकले. मनीऑर्डर घेणाऱ्याला सही करावी लागायची, लिहिता येत नसेल तर अंगठा. आमच्या पडवीत शाईचा डबा त्यासाठीच असायचा. पैसे घेताना आपण काहीतरी उमटवायचं, ही सवय आमच्या पिढीच्या हाडात आहे, आणि हे भामटे त्या सवयीवरच जगतात. यूपीआयमध्ये उलटं आहे. पैसे घेणाऱ्याने काहीच करायचं नसतं, पिन लागतो तो फक्त पैसे जाताना. मी फोन ठेवला. त्याचे आणखी पाच फोन आले. खरंच पैसे गेले असते तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या सरकारी १९३० वर तक्रार करायची, हा नंबर तेव्हापासून आमच्या भिंतीवर खडूने लिहिला आहे.

खरी मदत साइटच्या ॲपमध्येच होती, खाली कोपऱ्यात. शनिवारी सकाळी तिथे लिहून विचारलं. पहिली दहा मिनिटं यंत्र बोलत होतं. माझं म्हणणं ऐकून ते प्रत्येक वेळी पंपांची यादी दाखवायचं. चौथ्यांदा 'माणसाशी बोलायचं आहे' लिहिलं तेव्हा माणूस आला. त्याला बँकेच्या एसएमएसमधला संदर्भ क्रमांक दिला आणि एकच प्रश्न लेखी विचारला: माझ्या नावाने ऑर्डर झाली आहे का, आणि उद्या परवा आपोआप होणार आहे का? त्याने लिहून दिलं, नाही आणि नाही. त्या उत्तराचा फोटो काढून ठेवला. दोन पंप दारात येऊन पडले असते तर परत पाठवायला कुरियरवाला गावात येतो कुठे?

आता यूपीआयचे चोवीस तास उलटून गेले होते. सड्यावर गेले, काजूखाली उभी राहिले, रेंजच्या काड्या मोजल्या, पिन टाकला. दहा सेकंदांत ऑर्डर झाली. इतकं सोपं झालं की मला थोडा रागच आला.

सोमवारी जाऊबाईंकडून एक दिवसापुरता पंप मागून आणला आणि तीस कलमं उरकली. त्याच दिवशी दुपारी बँकेत गेले. खिडकीतल्या मुलाने स्क्रीन बघून सांगितलं, सात ते दहा वर्किंग डेजमध्ये येतील. मी म्हटलं, रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. खात्यातून पैसे गेले आणि दुकानाला खात्री मिळाली नाही तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत, आणि ते दिवस कॅलेंडरचे, वर्किंग नव्हेत. पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. "काकू, तुम्ही बँकेत होता का?"

"नाही, पोस्टातली आहे," मी म्हटलं. तसं पाहिलं तर खोटं, पण अगदीच खोटं नाही.

परिपत्रक अर्थातच पुतण्याने पाठवलेलं होतं. मी लेखी अर्ज दिला, एका प्रतीवर शिक्का घेतला. मुलगा म्हणाला, शिक्क्याची काही गरज नाही, सिस्टीममध्ये आहे. पोचेची गरज नाही असं मला त्या आठवड्यात तरी कुणी सांगू नये. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, तेही त्याला गोड आवाजात सांगून आले.

पंप गुरुवारी देवगडला पोचला. मावसभावाने तो वस्तीच्या एसटीत चढवला, कंडक्टरच्या ओळखीने, आणि रात्री गाडी गावात मुक्कामाला आली तेव्हा गड्याने खोकं उतरवून घेतलं. शुक्रवारी सकाळी जुन्या इंजिनला जोडला, पट्टा बसवला, उरलेली वीस कलमं दुपारपर्यंत झाली. नव्या पंपाचा दाब चांगला आहे. शेंड्यापर्यंत जातो.

अडकलेले ७,४५० त्याच शुक्रवारी परत आले, म्हणजे पाच दिवसांची मुदत बुधवारी संपली त्यानंतर दोन दिवसांनी. दोन दिवसांचे दोनशे रुपये तक्रारीशिवाय आपोआप द्यायचे असतात. ते काही आपोआप आले नाहीत. शिक्क्याची प्रत घेऊन मी आणखी एकदा खिडकीवर गेले, त्याच मुलाकडे. या वेळी त्याने खुर्ची दिली. बारा दिवसांनी सड्यावर काजूखाली फोन वाजला आणि दोनशे जमा झाल्याचा एसएमएस दिसला.

गड्याला सांगितलं, बँकेने दंड भरला. तो खूश झाला. त्याच दोनशेचं पंपाला पेट्रोल आणायला पाठवला. दोन लिटरही आलं नाही.